दाद आणि दाखला : ध्वनिमुद्रिकांची देवघेव आणि संगीतसमीक्षेचा प्रश्न

१

मराठीतील संगीतविचाराचा आढावा घेताना ग्रंथ, चरित्रे, आठवणी आणि मैफलींची वृत्तपत्रीय परीक्षणे एवढी सामग्री सामान्यतः पुरेशी मानली जाते. या सामग्रीला समांतर असा आणखी एक व्यवहार शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. अभिजात संगीताचे चाहते एकमेकांना ध्वनिमुद्रिका ऐकवतात, उसन्या देतात, त्यांच्या प्रती करून देतात आणि 'सध्या अमुक यांचा मारवा ऐकतो आहे, तुम्हीही ऐकून पाहा' असे एकमेकांना कळवतात. दिवाणखान्यातील चावीच्या ग्रामोफोनभोवती सुरू झालेला हा व्यवहार पुढे स्पूलच्या फितींवर, नंतर कॅसेटवर आणि आता मोबाइलवर आला आहे. साधने पालटली, एकाने दुसऱ्याला काही ऐकवावे आणि त्यावर दोघांनी बोलावे, हे त्याचे रूप मात्र कायम राहिले.

समीक्षेने या व्यवहाराची दखल घेतलेली नाही, याचे कारण शोधणे अवघड नाही. तो छंदात मोडतो, असे गृहीत धरले गेले आहे. ध्वनिमुद्रिका सुचवणारा चाहता आपली आवड व्यक्त करतो, तो मूल्यनिर्णय करीत नाही. आणि आवडीची कारणे देण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. आस्वाद आणि समीक्षा यांत मराठी सौंदर्यविचाराने जो भेद केला आहे, त्यानुसार हा व्यवहार आस्वादाच्या अलीकडेच राहतो. साहित्याच्या क्षेत्रात एका वाचकाने दुसऱ्याला पुस्तक वाचायला देणे ही जशी समीक्षा नव्हे, तशीच ही गोष्ट, असा युक्तिवाद यामागे आहे.

हा युक्तिवाद साहित्याच्या बाबतीत ग्राह्य असला तरी ख्यालगायनाच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. पुस्तक देणारा आणि घेणारा या दोघांच्याही बाहेर संहिता सिद्ध असते. तिची देवघेव झाली नाही तरी तिच्या अस्तित्वाला बाध येत नाही. ख्यालाला अशी संहिता नाही. बंदिशीचे शब्द आणि तिचे स्वरलेखन हे ख्यालाचे बीज असते, ख्याल नव्हे. म्हणून ज्या कलेत संहिताच नाही तिची समीक्षा कशाविषयी असते, आणि एका समीक्षकाचे विधान दुसऱ्याने तपासावे कसे, हा प्रश्न उरतो. ध्वनिमुद्रिकांच्या देवघेवीने या प्रश्नाला एक अपुरे, परंतु महत्त्वाचे उत्तर दिले आहे. त्या उत्तराचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

ध्वनिमुद्रण म्हणजे पुनरुत्पादन, आणि पुनरुत्पादन म्हणजे मूळ कलाकृतीच्या एकमेवतेची हानी, हा विचार वाल्टर बेंजामिन यांच्या १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधामुळे सर्वपरिचित झाला आहे. चित्राच्या असंख्य छापील प्रती निघाल्या की विशिष्ट स्थळी, विशिष्ट काळी असण्यातून मूळ चित्राला लाभलेले तेजोवलय लोप पावते, असे बेंजामिन यांचे प्रतिपादन आहे. ही मांडणी हिंदुस्थानी संगीताला लावताना एक अडचण येते. चित्राला मूळ असते. ख्यालाला ते कोठे असते? यमनचा मूळ यमन असा कोणताही नाही. गायक दरवेळी यमन नव्याने घडवतो, आणि कालचा यमन आजच्या यमनाचे मूळ ठरत नाही.

अशा कलेत ध्वनिमुद्रणाने जे घडले ते बेंजामिन यांच्या अपेक्षेच्या उलट आहे. जेथे मूळ नव्हते तेथे पुनरुत्पादनाने मूळ निर्माण केले. कोलकात्यात नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गायस्बर्ग यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. गाणे संपताच त्या इंग्रजीत आपले नाव उच्चारतात. तबकड्या त्या काळी जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत असल्याने, कोणते गाणे कोणाचे हे तेथील कामगारांना कळावे यासाठी ही योजना होती. तिचा एक परिणाम मात्र कोणाच्याही योजनेतला नव्हता. त्या नावाच्या उच्चारासह गाणे बंदिस्त झाले, त्याला आरंभ आणि शेवट मिळाला, आणि ते एका व्यक्तीची कृती म्हणून ओळखले जाऊ लागले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, तसे आता गाण्यालाही कर्तृनाम लाभले.

पुनरावृत्तीने हे रूप पक्के केले. मैफलीतली तान कानावर पडून निघून जाते. तबकडीवरची तान हव्या तितक्या वेळा, तीच, तेथेच येते. शंभर वेळा ऐकलेल्या तानेला कवितेतील ओळीप्रमाणे अपरिहार्यता प्राप्त होते. गायकाने त्या दिवशी केलेली निवड ही निवड वाटेनाशी होते. श्रोत्यांच्या दोन पिढ्यांनी अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी अशाच रीतीने ऐकली आहे. तिच्यातील एखादी हरकत वेगळी असू शकली असती, ही शक्यताच त्यांच्या कल्पनेतून पुसली गेली.

या शक्तीचे दोन दाखले प्रसिद्ध आहेत. लहान वयातील भीमसेन जोशी यांना अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेने असे झपाटले की ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. पुढे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे त्यांची तालीम झाली. कुमार गंधर्व बालपणी नामवंतांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत आणि श्रोत्यांना थक्क करीत. दोन्ही प्रसंगी ध्वनिमुद्रिका आदर्श संहितेसारखी वागली आहे. एका मुलाला तिने गुरूपर्यंत नेले, तर दुसऱ्याने ती पाठ केली. तथापि दोघांचेही पुढील गायन त्या तबकडीच्या कक्षेत राहिले नाही. बालपणी अनुकृतीत अग्रेसर असलेल्या कुमार गंधर्वांचे प्रौढ वयातील गायन तर घराण्याच्या अनुकृतीलाच प्रश्न विचारणारे ठरले. एकच ध्वनिमुद्रिका अनुयायी घडवू शकते. परंतु त्या अनुयायाला पुढे जायचे असेल तर त्याला तिच्या संहितापणातून बाहेर पडावे लागते. हा नियम गायकाला लागू आहे तसा श्रोत्यालाही लागू आहे.

३

ध्वनिमुद्रिका संहितेसारखी भासते, याचा अर्थ ती संहिता आहे असा नव्हे. ज्या अटींखाली ती तयार झाली, त्या अटींनी तिचा आशय घडवलेला असतो. जुनी तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटे चाले. १९२५च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला भोंग्यात तोंड घालून मोठ्या आवाजात गावे लागे, आणि तंबोऱ्याचा नाद त्यात क्वचितच धड उमटे. तासभर चालणाऱ्या ख्यालाचे तीन मिनिटांत काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक गायकाने आपापल्या परीने सोडवला. फैयाज खाँ यांच्या रामकलीत एका बाजूस नोमतोमचा आलाप आणि दुसऱ्या बाजूस बंदिश अशी विभागणी आहे. तबकडी उलटण्याची यांत्रिक गरज येथे रचनेचे अंग बनली आहे. केसरबाई केरकर यांच्या तबकड्यांत राग जवळजवळ पहिल्याच आवर्तनात उभा राहतो आणि तानांची वीण लगेच सुरू होते; मैफलीतील त्यांच्या दमदार, सावकाश बढतीची कल्पना त्यांवरून करावी लागते.

हीच गोष्ट अमीर खाँ यांच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. १९६० साली निघालेल्या त्यांच्या लाँग प्ले तबकडीच्या एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. चाहत्यांच्या देवघेवीत या तबकडीला जे स्थान आहे ते फार थोड्या ध्वनिमुद्रिकांना लाभले असेल. अतिविलंबित झुमरा, मंद्रातून पायरीपायरीने होणारी बढत, सरगमचा अंतर्मुख वापर यांतून अमीर खाँ हे चिंतनशील गायक अशी त्यांची प्रतिमा दृढ झाली. त्यांच्या आधीच्या तीन मिनिटांच्या तबकड्या ऐकल्या तर मात्र वेगवान, चपळ तानांचा गायक समोर येतो. यांतला खरा अमीर खाँ कोणता, असा प्रश्न विचारणे चूक आहे. वय आणि विचार यांबरोबर गायक बदलला हे खरेच. पण तबकडीची लांबीही बदलली होती, हे ध्यानात न घेता केलेले शैलीविषयक विधान अर्धवट राहते.

येथे साहित्याचा अभ्यासक थबकेल, कारण त्याच्या क्षेत्रातही असेच घडते. मासिकातील जागेने कथेला आणि क्रमशः प्रकाशनाने कादंबरीला आकार दिला, हे त्याला ठाऊक असते. फरक इतकाच, की कथेच्या बाबतीत ती मर्यादा लेखनाचा भाग बनते आणि मागे दुसरी, अधिक पूर्ण कथा उरत नाही. तबकडीच्या मागे मात्र मैफल असते, निदान होती. ध्वनिमुद्रिका ही एका फार मोठ्या, कोठेही पूर्णपणे न लिहिलेल्या व्यवहारातून घेतलेला उतारा असते. उतारा हातात आहे, ग्रंथ नाही, अशी ही स्थिती आहे. उताऱ्यालाच ग्रंथ समजणे हा एकट्याने ऐकणाऱ्या श्रोत्याचा सर्वांत स्वाभाविक प्रमाद होय.

४

या प्रमादावरचा उपाय देवघेवीतच आहे. तो समजण्यासाठी मैफलीतील दाद आणि देवघेवीतील शिफारस यांतील फरक पाहावा लागतो.

मैफलीत दाद गायकाला उद्देशून असते. समेवर मान हलते, एखादा उद्गार निघतो, आणि गायक तो ऐकून पुढचे आवर्तन बांधतो. अशी दाद सकारण असण्याची गरज नसते, कारण जिला दाद दिली ती जागा त्या क्षणी सर्वांच्या समोर असते. 'तानसेन नसलो तरी कानसेन आहे' असे म्हणणारा श्रोता या अर्थाने मैफलीचा सहनिर्माता असतो. ध्वनिमुद्रिकेने हा दुवा तोडला. तबकडीसमोर एकट्याने उद्गारलेली वाहवा कोणालाही ऐकू जात नाही, आणि पुढचे आवर्तन तिच्यामुळे बदलत नाही.

देवघेवीत या दादेची दिशा बदलते. ती आता दुसऱ्या श्रोत्याकडे वळते, आणि हा दुसरा श्रोता त्या क्षणी तेथे नसतो. त्यामुळे काय ऐकावे, कोठे ऐकावे, कशाच्या तुलनेत ऐकावे, हे सांगणे भाग पडते. 'अमीर खाँचा मारवा ऐका' एवढ्यावर शिफारस थांबत नाही. 'षड्जावर ते किती उशिरा येतात ते पाहा' असे ती म्हणू लागते. दादेला स्थळनिर्देश चिकटला की ती दाखला बनते. साहित्यसमीक्षक अवतरण देतो तेव्हा तो हेच करतो: आपल्या विधानाच्या समर्थनार्थ तो कृतीतील एक जागा वाचकासमोर ठेवतो आणि ती पडताळण्याची संधी त्याला देतो. मैफलीच्या आठवणीवर आधारलेल्या संगीतसमीक्षेत ही संधी नव्हती. 'त्या रात्री बुवांनी जो मारवा गायला तसा पुन्हा ऐकला नाही' हे विधान मानता येते किंवा नाकारता येते. तपासता येत नाही.

दाखल्याची दुसरी अट म्हणजे तो एकटा पुरेसा नसतो. मारवा, पुरिया आणि सोहनी या तीन रागांत स्वर तेच आहेत: षड्ज, कोमल ऋषभ, गंधार, तीव्र मध्यम, धैवत आणि निषाद. पंचम तिन्हींत वर्ज्य. मारव्यात ऋषभ-धैवताला प्राधान्य येऊन षड्ज जणू दूर ठेवला जातो. पुरियात गंधार-निषाद पुढे येतात आणि राग मंद्र-मध्य सप्तकांत रमतो. सोहनी तार षड्जाकडे धाव घेते. यांपैकी केवळ मारव्याची ध्वनिमुद्रिका कितीही वेळा ऐकली तरी 'मारवापण' हाती लागणार नाही, कारण ते पुरियापासूनच्या अंतरात आहे. भाषेत घटकांना मूल्य लाभते ते परस्परांमधील भेदामुळे, हे सोस्यूर यांच्या मरणोत्तर १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील तत्त्व रागव्यवस्थेला विलक्षण जुळते. म्हणूनच एकाने मारवा ऐकवला आणि दुसऱ्याने उत्तरादाखल पुरिया काढला, तर वरवर पाहता हा रुचीचा विनिमय असला तरी प्रत्यक्षात ती रागलक्षणाची चर्चा असते. एकट्या श्रोत्याच्या कपाटात ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी असतात. त्या समोरासमोर येतात त्या बहुधा दुसऱ्याने आणलेल्या ध्वनिमुद्रिकेमुळे.

वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी' (१९६१) या ग्रंथाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून त्यांच्यामध्ये घराण्यांची स्थाने निश्चित करावीत, किराणा स्वराच्या टोकाशी, आग्रा लयीच्या टोकाकडे आणि जयपूर दोहोंच्या समतोलावर, अशी त्यातील मांडणी आहे. ती मैफलीतील दीर्घ अनुभवातून आलेली आहे. तिचे पुढील आयुष्य मात्र ग्रंथाबाहेर, अशा श्रोत्यांमध्ये गेले ज्यांनी अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ आणि केसरबाई यांच्या तबकड्या एकापाठोपाठ लावून ती पडताळली. या पडताळणीत तिचे बळ दिसले, तसा प्रश्नही निर्माण झाला. तीन मिनिटांच्या मर्यादेत सर्वच गायक लयीकडे ओढले जात असतील, तर तबकडीवर दिसणारे अंतर मैफलीतील अंतरापेक्षा कमी असणार. म्हणजे सिद्धांत तपासण्याचे साधनच सिद्धांताच्या विरुद्ध दिशेला झुकलेले आहे. हा आक्षेप ग्रंथाच्या वाचनातून सुचणारा नाही. ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी ठेवल्यावरच तो सुचतो.

शिफारशीतील 'सध्या' हा शब्दही दुर्लक्षिण्याजोगा नाही. 'सध्या हे ऐकतो आहे' असे म्हणणारा चाहता श्रेष्ठतेची यादी देत नाही. आपल्या ऐकण्याची आजची अवस्था सांगतो. ग्रहणसिद्धांताच्या परिभाषेत बोलायचे तर तो आपल्या अपेक्षांचे क्षितिज उघड करतो. पाच वर्षांनी तोच श्रोता दुसरे काही सुचवील, आणि त्या बदलाचा माग ठेवला तर अभिरुचीचा इतिहास लिहिण्याची सामग्री मिळेल. याउलट 'सार्वकालिक श्रेष्ठ' अशी यादी एकदा तयार झाली की ती ऐकण्याऐवजी मान्य केली जाते.

५

देवघेव जेव्हा शिस्तबद्ध होते तेव्हा तिच्यातून पाठचिकित्सेसारखी विद्या जन्माला येते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था आणि तिच्या श्रवणसभा, तसेच मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सिद्ध केलेली सूची (१९९४), ही या शिस्तीची उदाहरणे होत. तबकडीवर कोरलेले क्रमांक, लेबलांचे प्रकार, गायकाने उच्चारलेले नाव यांवरून कालनिश्चिती करणे ही हस्तलिखितांच्या अभ्यासाशी समांतर अशी पद्धती आहे. पाठभेदांचा प्रश्नही तेथे आहे. जुन्या तबकड्या नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या गतीने मुद्रित झाल्या होत्या असे नाही. चुकीच्या गतीने वाजवलेल्या तबकडीची पट्टी चढते किंवा उतरते, आवाजाचा पोत बदलतो, तानेचा वेग फसवा ठरतो. अशी प्रत कॅसेटवर उतरली आणि हातोहात पसरली की भ्रष्ट पाठच रूढ पाठ होतो. एखाद्या गायकाच्या 'अतिउंच' आवाजाविषयीचे मत फिरवण्याच्या यंत्राविषयीचे मतही असू शकते.

ही तुलना आणखी एका बाबतीत उद्बोधक आहे. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्याही बाबतीत तेच. विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या संगीतावर या दोघांइतका प्रभाव फार थोड्यांचा असेल, आणि देवघेवीच्या व्यवहारात नेमके तेच अनुपस्थित आहेत. अल्लादिया खाँ यांच्या गायकीविषयी गोविंदराव टेंबे यांचे लेखन आहे, आणि शिष्यपरंपरेच्या ध्वनिमुद्रिका आहेत: केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर आणि खाँसाहेबांच्या पुत्रांकडे, मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडे, शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. या ध्वनिमुद्रिका तुलनेने ऐकून त्यांच्या मुळाशी असलेल्या गायकीचा अंदाज बांधण्याचा मोह चाहत्यांना होतो. वंशज हस्तलिखितांवरून मूलादर्शाकडे जाण्याची ही रीत पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे मराठी अभ्यासकांच्या परिचयाची आहे. तिच्यावर घेतला जाणारा आक्षेपही परिचयाचा आहे: मौखिक परंपरेत एकच मूलादर्श होता असे मानायला आधार काय? तोच आक्षेप येथे लागू होतो. अल्लादिया खाँ यांनी आवाज बिघडल्यानंतर आपली गायकी नव्याने घडवली, असे परंपरा सांगते. त्यांनी प्रत्येक शिष्याला त्याच्या गळ्यानुसार दिले असणार. केसरबाई आणि मन्सूर यांच्यातील साम्य वजा करून उरेल ते अल्लादिया खाँ, असे गणित मांडता येत नाही. त्या दोघांमधील भेदही त्याच गुरुपरंपरेने दिलेला आहे.

म्हणजे जे मुद्रित झालेच नाही त्याच्यापुढे दाखल्याची पद्धती थांबते, आणि तिने थांबलेच पाहिजे. येथे टेंब्यांसारख्यांच्या शब्दांचे मूल्य नव्याने कळते. ध्वनिमुद्रिकेमुळे अशा आठवणी निरुपयोगी होतील असा एक समज होता. वस्तुतः ज्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत अशा गायकांविषयी टेंबे काय लिहितात ते तबकडीशी ताडून पाहिले, तर त्यांच्या शब्दांचा नेमका अर्थ काय, कोणत्या गुणाला ते कोणते विशेषण वापरतात, हे निश्चित करता येते. आणि मग ज्यांच्या ध्वनिमुद्रिका नाहीत त्यांच्याविषयीचे त्यांचे लेखन अधिक जबाबदारीने वाचता येते. ध्वनिमुद्रिका अशा रीतीने जुन्या समीक्षेच्या शब्दकोशाचे काम करू शकते.

६

या व्यवहाराविरुद्धचे आक्षेप गंभीर आहेत. पहिला आक्षेप दुर्मिळतेच्या मोहाचा. एखादी ध्वनिमुद्रिका कोणाकडेच नाही म्हणून ती मोलाची ठरू लागली की ऐकणे मागे पडते आणि मालकी पुढे येते. अडोर्नो यांनी १९३८ साली संगीतातील वस्तुपूजा आणि श्रवणाची अवनती यांविषयी जे लिहिले त्याचा रोख मुख्यतः बाजारपेठेकडे होता. परंतु आपली प्रत कोणालाही न देणारा संग्राहक त्याच विकाराचा खाजगी नमुना आहे. देवघेव थांबली की दाखलाही संपतो, कारण दुसऱ्याला तपासता न येणारी ध्वनिमुद्रिका ही मैफलीच्या आठवणीइतकीच असिद्ध असते.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. देवघेवीतील पुष्कळशी सामग्री खाजगी मैफलींतून, कधी गायकाच्या नकळत मुद्रित झालेली आहे. आपल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणाला केसरबाईंचा विरोध होता, हे सर्वज्ञात आहे. तो केवळ लहरीपणा म्हणून सांगितला जातो; त्यात एक कलाविषयक भूमिकाही वाचता येते. मैफलीतील गाणे त्या श्रोत्यांसाठी, त्या रात्रीसाठी असते, आणि त्याला संहितेचे रूप देण्याचा अधिकार गायकाचा आहे, अशी ती भूमिका होय. त्यांनी स्वतः कंपनीसाठी दिलेल्या तबकड्या या भूमिकेशी विसंगत नाहीत: तेथे काय मुद्रित व्हावे हे त्यांनी ठरवले होते. १९७७ साली अवकाशात सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत त्यांची भैरवी समाविष्ट झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. ही घटना अभिमानाने सांगितली जाते. समीक्षेच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. ज्या तबकडीबरोबर पुरिया, तोडी किंवा दुसऱ्या कोणाची भैरवी ताडून पाहणारा श्रोता नाही, ती कितीही दूर गेली तरी नाद राहते. रागाची अभिव्यक्ती म्हणून ती ओळखायला रागव्यवस्थेत वाढलेला कान लागतो.

परवानगीविना झालेल्या ध्वनिमुद्रणांचे काय करायचे, याला सोपे उत्तर नाही. त्यांवाचून ख्यालाच्या दीर्घ बढतीचे ज्ञान फारच तोकडे राहिले असते. आणि तरीही गायकाने प्रसिद्ध करण्यासाठी निवडलेले गाणे आणि नकळत पकडले गेलेले गाणे यांना समान प्रामाण्य देता येणार नाही. लेखकाने छापलेला पाठ आणि त्याच्या टिपणवहीतील खर्डा यांत साहित्याचा अभ्यासक जो भेद करतो, निदान तेवढा भेद येथे पाळला जावा. उसन्या मैफलीत आवाज फाटला म्हणून गायकाला दोष देणारी समीक्षा ही समीक्षा नव्हे.

तिसरा आक्षेप प्रतिनिधित्वाचा. कंपन्यांनी ज्यांना बोलावले, आकाशवाणीने ज्यांना प्रक्षेपित केले, ज्यांच्या चाहत्यांकडे ध्वनिमुद्रणाची साधने होती, तेच गायक आज ऐकले जातात. १९५२ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या अखिल भारतीय संगीत कार्यक्रमाने अनेकांचे गायन जतन झाले; पण त्या व्यासपीठापर्यंत न पोचलेल्यांचे मौन देवघेवीत ऐकू येत नाही. साहित्याच्या इतिहासात अप्रकाशितांची जी समस्या आहे तिचेच हे रूप आहे, आणि ते अधिक कठोर आहे. अप्रकाशित कविता कधीतरी पेटीत सापडते. न मुद्रित झालेले गाणे सापडण्याचा संभव नाही.

७

या आक्षेपांनी देवघेवीचे समीक्षात्मक मूल्य नाहीसे होत नाही. त्याच्या अटी स्पष्ट होतात. ध्वनिमुद्रिका सुचवताना तिच्यातील जागा दाखवली जावी. ती ज्या परिस्थितीत मुद्रित झाली ती, म्हणजे तिची लांबी, काळ, गायकाची संमती आणि प्रतीची विश्वसनीयता, सांगितली जावी. आणि तिच्यासमोर दुसरी एखादी ठेवली जावी, त्याच गायकाची दुसऱ्या काळातली किंवा दुसऱ्याची त्याच रागातली. या तीन गोष्टी सूज्ञ चाहते बरीच वर्षे करीत आले आहेत. त्यांना तिचे नाव ठाऊक नसले तरी ती समीक्षेचीच पद्धती आहे. विद्यापीठीय संगीतविचाराने तिच्याकडून शिकण्याजोगे बरेच आहे, कारण घराण्यांची लक्षणे पाठ सांगणारा आणि एकही लक्षण ध्वनिमुद्रिकेवर दाखवू न शकणारा अभ्यासक ही काल्पनिक व्यक्ती नव्हे.

साहित्यसमीक्षेच्या अभ्यासकालाही या व्यवहारात पाहण्याजोगे काही आहे. संहिता ही वाचकांच्या समूहात सिद्ध होते, हे विधान गेल्या काही दशकांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची धार बोथट झाली. ख्यालाच्या श्रोत्यांमध्ये ते शब्दशः घडताना दिसते: पुनरावृत्तीने एका गायनाला संहितेचे स्थान मिळते, आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या गायनाने ते स्थान काढून घेतले जाते. पहिली क्रिया एकट्याने करता येते. दुसरीसाठी आणखी एक श्रोता लागतो, त्याच्याजवळ निराळी ध्वनिमुद्रिका असावी लागते, आणि ती देण्याची त्याची तयारी असावी लागते.